परदेशात दोघं किनाऱ्यावर चालायला निघालात? आधी ओहोटीची वेळ बघा

नमस्कार. किनाऱ्यावरची चाल ठरवताना बहुतेक जोडपी सूर्यास्ताची वेळ शोधतात. ती चुकली तर फार तर एक फोटो हुकेल. ओहोटीची, म्हणजे पाणी सगळ्यात खाली असण्याची वेळ चुकली तर परतीची वाटच पाण्याखाली जाते.

एका भरतीपासून पुढची भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी. म्हणजे आज दुपारी दोनला असलेली ओहोटी उद्या तीनच्या थोडी आधी. त्यामुळे 'काल याच वेळी गेलो होतो' हा हिशोब आज लागू नाही.

पाणी एका लयीत चढतही नाही.

[स्क्रीनवर सहा पट्ट्या: ०.५, १, १.५, १.५, १, ०.५]

समजा ओहोटी आणि भरतीत ६ मीटरचा फरक आहे. पहिल्या तासात पाणी अर्धा मीटर चढतं, दुसऱ्यात एक, तिसऱ्या आणि चौथ्यात दीड-दीड. हिशोब ढोबळ आहे, पण फसगत कुठे होते ते यात दिसतं. पहिला तास समुद्र जागचा हलल्यासारखा वाटत नाही, दोघं निवांत बसून राहतात, आणि उठेपर्यंत परतीच्या वाटेवर, समुद्रात शिरलेल्या कड्याच्या टोकाशी गुडघाभर पाणी.

म्हणून ओहोटीच्या दोन तास आधी निघा आणि ओहोटीच्या क्षणी, जिथे असाल तिथून, मागे फिरा. ती वेळ निघण्याआधीच एकमेकांना सांगून ठेवा, दोघांच्या फोनवर गजर लावा. 'त्या वळणापर्यंत जाऊन येऊ' म्हणणारा दोघांतला एक असतोच!

देशही बघा. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी हा फरक अर्ध्या मीटरच्या आत असतो. पण फ्रान्सच्याच उत्तर किनाऱ्यावर, मों-सें-मिशेल बेटाशी, उधाणात तो १३-१४ मीटरपर्यंत जातो. तिथल्या वाळूत पाय रुततात, तेव्हा खाडी ओलांडायची ती वाटाड्याबरोबरच. उधाण अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येतं, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा फरक कमी.

ब्रिटनमध्ये एक छोटा सापळा आहे. काही भरतीतक्ते ग्रीनिच वेळेत छापतात, पण मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर तिथलं घड्याळ एक तास पुढे असतं. तक्त्यात १ असेल तर घड्याळात २. तक्त्याचा स्क्रीनशॉट हॉटेलवरच काढून ठेवा, कड्याखाली नेटवर्क मिळेलच असं नाही.

आता कडे. इंग्लंडच्या सेव्हन सिस्टर्ससारखे खडूचे कडे वरून भक्कम दिसतात, पण खालून पोखरलेले असतात. त्यामुळे काठावर उभं राहू नका आणि पायथ्याशी डबाही उघडू नका. हिरवं शेवाळ असलेल्या खडकावर चप्पल अजिबात नको.

आइसलंडच्या रेनिसफ्यारावर चारपाच लाटा लहान येतात आणि मधेच एक खूप आत धावते. जोडीचा फोटो काढताना एकाची पाठ समुद्राकडे, दुसऱ्याची नजर स्क्रीनवर, म्हणजे समुद्राकडे कुणीच बघत नाही. फोटो बाजूने घ्या, किनारा तिरपा येईल असा.

पोहायचं असेल तर ऑस्ट्रेलियात आणि ब्रिटनमध्ये लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरा. निळा झेंडा मात्र स्वच्छता आणि सोयींचं मानांकन आहे. आज पाणी शांत आहे असं तो सांगत नाही.

आणि लाटा फुटतायत, पण मधे एक गडद, गुळगुळीत पट्टा दिसतोय, तर तीच नेमकी टाळायची जागा. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच समुद्रात परत जातं. या ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने हात मारू नका, त्यातच दम संपतो. पाठीवर तरंगा, एक हात वर करा, जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर या.

जोडप्यांत सगळ्यात घातक चूक यानंतर होते: जोडीदार ओढीत सापडलेला दिसला की दुसरा उडी मारतो, आणि वाचवायची माणसं दोन होतात. बाहेर असलेल्याने पाण्यात उतरायचं नाही. जीवरक्षकाला हाक मारा, तरंगणारं काहीही फेका, झाकण घट्ट लावलेली रिकामी मोठी बाटलीसुद्धा चालते, आणि बोटाने पाण्यातल्या जोडीदाराची जागा दाखवत राहा. लाटांमध्ये डोकं एकदा नजरेआड झालं की पुन्हा सापडणं कठीण. फोन युरोपीय संघात ११२, ऑस्ट्रेलियात ०००, ब्रिटनमध्ये ९९९, आणि तिथे 'कोस्टगार्ड' हा शब्द पहिला.