हवा कुठून घ्यायची?

(दृश्य : बॉनेट उघडते. इंजिन चालू आहे.)

पडद्यावर जी थरथर दिसते आहे ती कॅमेऱ्याची नाही, तापलेल्या हवेची आहे. इंजिन, रेडिएटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळ्या) यांनी मिळून तापवलेली ही हवा बाहेर पडायला वाट शोधते आहे, आणि त्याच दाटीत, कोपऱ्यात बसवलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या डब्याचे, म्हणजे एअर बॉक्सचे, तोंड उघडे आहे. इंजिनाला लागणारी सगळी हवा याच तोंडातून, डब्यातल्या कागदी फिल्टरमधून गाळून, आत जाते. पुढची सगळी खटपट या एका तोंडाची जागा बदलण्यासाठी आहे.

दोन लिटर क्षमतेचे चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपले सगळे सिलिंडर भरून घेते. मिनिटाला 6000 फेऱ्या आणि थ्रॉटल (हवेची वाट कमी-जास्त उघडणारी झडप) पूर्ण उघडा, अशा वेळी त्याला मिनिटाला सुमारे 6000 लिटर, म्हणजे सेकंदाला 100 लिटर हवा लागते. इंजिन हवा ओढते ती आकारमानाने, पेट्रोल मात्र जळते हवेच्या वजनावर; एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. हवा तापली की फुगते, आणि मग तेवढ्याच 100 लिटरांत तिचे वजन कमी भरते. समुद्रसपाटीला 30 अंश सेल्सिअसची एक घनमीटर हवा सुमारे 1165 ग्रॅम भरते, तर 60 अंशांची सुमारे 1060 ग्रॅम. हा फरक 9 टक्क्यांचा झाला. तोंडी हिशेबासाठी इतके लक्षात ठेवले तरी पुरते, की साधारण 3 अंश तापमान म्हणजे 1 टक्का हवा.

ताकद मात्र तितक्या प्रमाणात घटत नाही, हे इथेच सांगितलेले बरे, कारण जाहिरातींतले हिशेब नेमके याच पायरीवर थांबतात. थंड हवा सिलिंडरपर्यंत पोहोचेपर्यंत तापलेल्या इनटेक मॅनिफोल्डला (हवा आत नेणाऱ्या नळ्यांना) आणि व्हॉल्व्हला लागून स्वतःही तापते, आणि जितकी ती अधिक थंड तितकी अधिक उष्णता वाटेत शोषून घेते. त्यामुळे सुरुवातीचा काही फायदा प्रवासातच खर्च होतो. इंजिनाची ताकद मोजताना हवामानानुसार दुरुस्ती करण्यासाठी एसएई जे1349 हे मानक वापरतात. त्यातल्या पेट्रोल इंजिनाच्या सूत्रात तापमानाचे वर्गमूळ घेतलेले आहे, ते याच कारणाने. त्या सूत्राने मोजले तर 60 अंशांवरून 30 अंशांवर आल्याने ताकदीत सुमारे 5 टक्क्यांचा फरक पडतो. त्यात ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा, भाग वेगळा. आत येणारी हवा गरम आहे असे दिसले की नॉकिंग (इंधनाचे अवेळी, स्फोटासारखे जळणे) टाळण्यासाठी ईसीयू ठिणगी उशिरा टाकू लागतो, आणि तिथे आणखी थोडी ताकद जाते.

(दृश्य : जुन्या कार्ब्युरेटर इंजिनाचा गोल एअर क्लीनर. बाजूची झडप उघडते आणि मिटते.)

एके काळी इंजिनाला मुद्दाम गरम हवा पाजली जात असे, असे आज सांगितले तर खरे वाटणार नाही. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना आसपासची उष्णता शोषली जाते, आणि हवा दमट व गार असेल तर त्यातल्या बाष्पाचे बर्फ होऊन थ्रॉटलच्या पाकळीशी साचते. ते टाळण्यासाठी एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पत्र्याचे झाकण बसवून तिथली तापलेली हवा एका नळीने एअर क्लीनरपर्यंत आणत. काही गाड्यांत उन्हाळा आणि हिवाळा अशा दोन खुणांमध्ये फिरवायची साधी खिट्टी असे; पुढे तापमानाप्रमाणे आपोआप हलणारी झडप आली, तीच इथे दिसते आहे. पेट्रोल थेट सिलिंडरच्या दाराशी फवारले जाऊ लागल्यावर ही अडचण बहुतांशी संपली, आणि एअर बॉक्सचे तोंड हळूहळू पुढे, ग्रिलकडे किंवा मडगार्डच्या पोकळीकडे सरकले. आजच्या पुष्कळ गाड्यांना कारखान्यातूनच थंड हवेची वाट मिळालेली असते. ज्यांनी खर्च करण्यापूर्वी आपल्या गाडीतले मूळ तोंड कुठे उघडते हे वाकून पाहिलेले नाही, त्यांनी आधी ते पाहावे.

चित्रीकरणासाठी घेतलेल्या गाडीत ते रेडिएटरच्या मागे, वरच्या आडव्या पट्टीखाली उघडत होते. गाडी वेगात असताना तिथे बाहेरचा वारा बऱ्यापैकी येतो. गाडी थांबली आणि रेडिएटरचा पंखा सुरू झाला, की तो तापलेली हवा सरळ या तोंडावर फेकतो.

(दृश्य : तीन तारा, तीन टोके. डॅशबोर्डवर तापमापकाचा पडदा.)

नवे तोंड कुठे काढायचे हे डोळ्यांनी ठरवलेले नाही. थर्मोकपलची (तापमान मोजणाऱ्या तारांची) तीन टोके तीन जागी बांधली : पहिले एअर बॉक्सच्या जुन्या तोंडाशी, दुसरे हेडलॅम्पच्या मागच्या पोकळीत आणि तिसरे ग्रिलच्या आत, रेडिएटरच्या पुढे. टोक कुठल्याही पत्र्याला टेकलेले नसावे आणि त्यावर थेट ऊन नसावे. नाहीतर मोजले जाते ते पत्र्याचे तापमान, हवेचे नव्हे. त्यानंतर एकच रस्ता एकाच वेळी धरून, थांबत थांबत आणि मग मोकळ्या वेगात, फेऱ्या मारल्या. आकडे पडद्यावर आहेतच, पण पाहण्यासारखी आहे ती त्यांची चाल. गाडी थांबली की पहिला आकडा सर्वांत आधी चढतो आणि वेग घेतल्यावर सर्वांत शेवटी उतरतो. हेडलॅम्पमागची जागा पळत्या गाडीत ठीक राहते, पण थांबल्यावर तीही तापते. ग्रिलमागचे टोक बाहेरच्या हवेला सर्वांत जवळ राहते.

चौथा आकडा वेगळा मिळवावा लागत नाही, तो गाडीपाशीच असतो. डॅशबोर्डखालच्या ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकातले आकडे वाचण्याच्या जोडणीला) रीडर लावला की आत येणाऱ्या हवेचे तापमान त्यावर उमटते. हवेच्या वाटेत बसवलेला एक बारीक थर्मिस्टर ते ईसीयूला सतत कळवत असतो. हवा तापली की त्याचा विद्युतरोध घटतो, इतकीच त्यामागची युक्ती आहे. बदल करण्याआधीचे वाचन लिहून ठेवले नसेल, तर नंतर जे काही वाटेल ते वाटणेच असते.

(दृश्य : पुठ्ठा, पेन्सिल, कातर.)

काम पुठ्ठ्यापासून सुरू होते. एअर बॉक्स जागच्या जागी ठेवून, त्याच्या आणि इंजिनाच्या मध्ये उभी राहील अशी आडभिंत आधी पुठ्ठ्यात कापली. पहिला तुकडा चुकला. बॉनेट बंद केल्यावर त्याची वरची कड दुमडली, आणि ती किती दुमडली यावरूनच दुसऱ्या तुकड्याची उंची ठरली. दुसरा पुठ्ठा नीट बसल्यावर त्याच मापाचा ॲल्युमिनियमचा पत्रा कापला, कडा घासून बोथट केल्या आणि वरच्या कडेवर पोकळ रबरी पट्टी चढवली. बॉनेट मिटले की ही पट्टी दबते आणि एअर बॉक्सचा कोपरा उरलेल्या इंजिनापासून वेगळा होतो. पत्रा स्वतः तापतोच. म्हणून तो डब्याला कुठेही चिकटलेला नाही, मध्ये बोटभर हवा राखली आहे.

मूळ डबा आणि मूळ कागदी फिल्टर काढून टाकलेले नाहीत, आणि यावर आमचे ठाम मत आहे. चकचकीत पाइपच्या टोकाला उघडा शंकूसारखा फिल्टर लावलेला संच दिसायला देखणा असतो, पण त्या फिल्टरभोवती आडोसा नसेल तर तो बॉनेटखालची सर्वांत गरम हवा अगदी मोकळेपणाने ओढतो. त्याचा आवाज मोठा येतो, हे खरे. कारखान्याने हवेच्या वाटेत बसवलेला पोकळ डबा, म्हणजे रेझोनेटर, आवाजाच्या ठरावीक लहरी मारण्यासाठी असतो. तो काढला की इंजिनाचा श्वास गर्जना होऊन कानावर येतो आणि कान त्या गर्जनेला ताकद समजतात.

पाइप कशाचा, यावर मात्र लोक उगाच भांडतात. 70 मिलिमीटर व्यासाच्या पाइपमधून सेकंदाला 100 लिटर हवा जाते तेव्हा तिचा वेग सेकंदाला सुमारे 26 मीटर असतो, म्हणजे मीटरभर लांबीचा पाइप ती सेकंदाच्या चार शतांश भागात ओलांडते. इतक्या थोड्या वेळात पाइपची भिंत तिला फारसे तापवू शकत नाही. गाडी उभी राहून इंजिन मंद फिरत असते तेव्हा हवाही रेंगाळते आणि धातूचा तापलेला पाइप तिला खरोखर तापवतो. प्लॅस्टिक उष्णता कमी वाहून नेते म्हणून ते बरे. पण तोंड चुकीच्या जागी असेल तर पाइप कशाचाही असो.

(दृश्य : नळीचे तोंड घासून गोल केले जाते. हात जवळून.)

नव्या नळीला दोन अटी होत्या. तिचा आतला छेद जुन्या नळीच्या सर्वांत अरुंद जागेपेक्षा लहान नसावा, आणि वळणे कमी असून ती सावकाश असावीत. ग्रिलमागे जागा चपटी होती म्हणून तिथे 100 बाय 40 मिलिमीटरची आयताकृती नळी घेतली. तिचा छेद 40 चौरस सेंटिमीटर भरतो, 70 मिलिमीटरच्या गोल पाइपपेक्षा किंचित जास्त. पन्हाळीदार लवचीक होज सोयीचा असतो, पण त्याच्या आतल्या कडा हवेला अडवतात, म्हणून तो हातभराच्या आत आणि ताणून बसवला आहे. तोंडाची कड इथे जी घासली जाते आहे, ती हौस नव्हे. धारदार कडेचा पाइप मोकळ्या हवेत तसाच पुढे आलेला असेल तर हवा आत वळताना कडेपासून सुटते, भोवरे होतात, आणि त्यात जाणारा दाब हवेच्या गतिजन्य (वेगामुळे येणाऱ्या) दाबाच्या सुमारे आठ दशांशांपर्यंत जातो. कड नीट गोलावली तर तो एका दशांशाच्याही खाली येतो. तासाभराच्या घासण्याला याहून चांगले मोल मिळणे कठीण आहे.

इंजिन हलते आणि डबा बॉडीला बांधलेला असतो, हे विसरून चालत नाही. म्हणून दोहोंमधला मूळचा रबरी, घड्यांचा होज तसाच ठेवला आणि नवी नळी रबरी बुशवर टेकवली. हवा मोजणारा सेन्सर डब्याच्या लगेच पुढे आहे, त्याला आणि त्याच्या नळकांड्याला हात लावलेला नाही. त्या नळकांड्याचा व्यास धरूनच ईसीयूचा हिशेब बसवलेला असतो. व्यास बदलला की ईसीयूला मिळणारा हवेचा आकडा खोटा ठरतो. सेन्सरच्या पुढे एखादा क्लॅम्प सैल राहिला तर तिथून मोजणीत न आलेली हवा आत शिरते, तीही न गाळलेली. प्रत्येक क्लॅम्प दोनदा तपासला.

(दृश्य : पुठ्ठ्यावर चिकटवलेली यू आकाराची पारदर्शक नळी, आत लाल पाणी.)

सगळ्या चित्रीकरणातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलके उपकरण हेच आहे. नळीचे एक टोक एअर बॉक्सच्या आत, फिल्टरनंतरच्या भागात सोडले आहे आणि दुसरे मोकळे आहे. इंजिन जोराने हवा ओढते तेव्हा डब्यातला दाब घटतो आणि लाल पाणी एका बाजूला चढते. दोन पातळ्यांत 10 सेंटिमीटरचा फरक पडला, तर वातावरणाच्या दाबातला साधारण 1 टक्का वाटेत गेला असे समजायचे. आता हे वाक्य मघाच्या 3 अंशांशी जोडून पाहावे. नळी लांबवल्यामुळे पाणी 5 सेंटिमीटरने जास्त चढले, तर तेवढे भरून काढायला हवा निदान दीड अंश थंड मिळाली पाहिजे. पुष्कळ हौशी बदल या तराजूवर उणे ठरतात.

समोरच्या वाऱ्यामुळे हवा आत दाबली जाते, असेही सांगितले जाते. ताशी 100 किलोमीटर वेगाने समोरचा वारा पूर्ण अडवला तरी मिळणारा दाब सुमारे 4.6 सहस्रांश बार, म्हणजे पाण्याचे जेमतेम 47 मिलिमीटर असतो. अर्धा टक्काही नाही.

नळीचे तोंड खालच्या बंपरमध्ये नेलेले नाही, कारण तिथून पाणी ओढले गेले तर ते सिलिंडरमध्ये दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अर्ध्या थ्रॉटलवर या बदलाने इंधन वाचत नाही. वॉरंटी आणि वाहनातील बदलांचे नियम आधी पाहून घ्यावेत.

(दृश्य : रात्र. डॅशबोर्डवर ओबीडी रीडरचा आकडा. रस्ता मोकळा होतो.)

वेग घेतल्यावर आकडा आता पूर्वीपेक्षा लवकर खाली येतो आणि बाहेरच्या तापमानाच्या जवळ स्थिरावतो. गाडी बंद करून काही वेळाने पुन्हा सुरू केली तर पहिली मिनिट-दोन मिनिटे तो चढलेलाच दिसतो, कारण तापलेल्या डब्यात सेन्सरही तापून बसलेला असतो. त्यावर नळीचा इलाज नाही.

थांबलेल्या गाडीत मात्र आकडा अजूनही हवा त्यापेक्षा जास्त चढतो. पंख्याने मागे फेकलेली गरम हवा रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या फटींतून पुन्हा पुढे येते आणि आमच्या नव्या तोंडाशी पोहोचते. उजवी फट फोमच्या पट्टीने बुजवून झाली आहे. डाव्या फटीसाठी पुठ्ठा कापून ठेवला आहे.