किल्ला कुठल्या हाताला?

मालवणच्या जेटीवरनं होडी सुटली की समोर सिंधुदुर्ग, आणि तांडेलकाका विचारतात, "खयच्या बाजून वळसो घालू?" हा प्रश्न लक्षात ठेवा, कारण अणूच्या केंद्रकाजवळनं जाणाऱ्या प्रोटॉनचं सगळं ह्यावरच ठरतं.

किल्ला डाव्या हाताला ठेवून गेलो तर वरच्या घारीला आपण घड्याळाच्या उलट फिरताना दिसणार, उजव्या हाताला ठेवला तर सुलट. आता होडीच्या फळीवर एक भोवरा सोडा, घड्याळाच्या उलट फिरणारा. एका बाजूने जाताना होडीचा वळसा आणि भोवऱ्याची गरगर जुळते, दुसऱ्या बाजूने जाताना जुळत नाही. किल्ल्याला त्याचं काहीच नाही, पण केंद्रकाला आहे! प्रोटॉनला स्पिन असतो, तो काही खराखुरा भोवरा नाही पण दिशा मात्र खरी, आणि वळसा नि स्पिन जुळले की केंद्रकाची ओढ वाढते, उलटे असले की कमी होते. मारिया गोपर्ट मायर आणि हान्स येन्सन या शास्त्रज्ञांनी 1949 मध्ये केंद्रकाच्या आत राहणाऱ्या प्रोटॉन-न्यूट्रॉनसाठी हे मांडलं, त्यांना 1963 चं नोबेल मिळालं. मला भारी वाटतं ते हे की घरातल्यांचा नियम बाहेरनं येऊन क्षणात निघून जाणाऱ्या पाहुण्यालाही लागतो.

स्पिन वर म्हणजे वरनं बघितलं तर घड्याळाच्या उलट. असा प्रोटॉन केंद्रक डाव्या हाताला ठेवून गेला की जास्त ओढला जातो, म्हणून वर स्पिनवाले जास्त करून डावीकडे वळतात, खाली स्पिनवाले उजवीकडे. साध्या बीममध्ये, म्हणजे प्रोटॉनच्या झोतात, निम्मे स्पिन वर, निम्मे खाली, त्यामुळे जेवढे डावीकडे वळतात तेवढेच उजवीकडे, कळत काहीच नाही. मग टार्गेटवर, म्हणजे समोर ठेवलेल्या पदार्थावर, दोनदा आपटवायचं. पहिल्या टार्गेटवरनं डावीकडे वळलेले तेवढेच घ्यायचे, त्यांच्यात वर स्पिनवाले जास्त, म्हणजे ही झाली चाळणी, आणि मग दुसऱ्या टार्गेटवर डावं-उजवं मोजायचं. अमेरिकेत रॉचेस्टरच्या सायक्लोट्रॉनवर, म्हणजे प्रोटॉनना वेग देणाऱ्या यंत्रावर, ऑक्सली आणि सहकाऱ्यांनी 1953 च्या सुमारास हा फरक पकडला. भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मीने 1954 मध्ये त्याचं गणित मांडलं आणि त्याच नोव्हेंबरात तो गेला.

आता टार्गेट कार्बनचं, आपल्या करवंटीच्या कोळशात असतो तोच. 200 एमईव्ही (हे ऊर्जेचं माप) ऊर्जेचा प्रोटॉन प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेगाने येतो, आणि ऊर्जा न गमावता साधारण 16 अंशात वळणारे तेवढेच बघितले, आणि बीममधले सगळे स्पिन वर असले, तर जवळजवळ सगळेच डावीकडे जातात. अहो, जवळजवळ सगळे! म्हणून अमेरिकेत ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत बीम किती पोलराइज्ड आहे, म्हणजे किती स्पिन एकाच दिशेला आहेत, हे बघायला कार्बनच वापरत आलेत.

पण डावीकडचा डिटेक्टरच जरा जास्त मोजत असेल तर? मग प्रोटॉन जिथनं निघतात तिथेच स्पिन उलटा करायचा, पुन्हा पुन्हा, बाकी कशाला हात न लावता. डावीकडे धावणारा आकडा मंदावतो, आणि उजवीकडचा धावायला लागतो.