फांदी धरून बसा

नमस्कार मंडळी. निमंत्रणपत्रिकेवर ‘परसदारातले पक्षी’ असं छापलंय. पार्ल्यात परसदार कुठलं हो? आमच्या इमारतीच्या मागे एक शेवगा, एक जास्वंद, पाण्याच्या टाकीचं झाकण आणि एक गळका पाइप आहे, त्यापलीकडे शेजारच्या सोसायटीची भिंत. पहिल्या मजल्यावरच्या माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एवढंच दिसतं. आज जे दाखवणार आहे ते सगळं याच खिडकीतलं. शिवडीचे फ्लेमिंगो बघायला आला असाल, तर चहा मात्र घेऊन जा.

मी निवृत्त झाले तेव्हा भाच्याने नवा व्हिडिओ कॅमेरा आणून दिला. पहिला महिनाभर मी पक्ष्यांच्या मागे धावले, म्हणजे कॅमेऱ्याने. झूम होता तेवढा ताणायचा, शिंजीर दिसला की तिकडे वळायचं, तोवर स्वारी पुढच्या फुलावर. घरी टीव्हीवर लावून बघितलं तर सगळा हिरवा धुरळा आणि मधेच कुणाची तरी शेपटी. त्यातून ते लाल बटण. एकदा दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. कधी तरी एक दाब चुकला आणि सगळं उलटं झालं. पक्षी आला की मी बंद करत होते, गेला की सुरू. वीस मिनिटं आमची फरशी, माझी चप्पल आणि गॅस सिलिंडरवाल्याशी घातलेली हुज्जत, अगदी स्वच्छ आवाजात.

मग एक दिवस कंटाळून कॅमेरा खिडकीत तसाच ठेवला, शेवग्याच्या एका वाळक्या फांदीवर रोखून, आणि भाजी निवडायला बसले. अर्ध्या तासात त्या एका फांदीवर बुलबुल, दयाळ आणि तांबट येऊन गेले. तेव्हा उजेड पडला. पक्ष्याच्या मागे जायचं नाही, त्याची बसायची जागा धरायची. पक्ष्यांच्याही सवयी असतात, आपल्या पाच-बावन्नच्या लोकलसारख्या.

जागा ठरली की कॅमेऱ्याचं निम्मं काम सोपं होतं. ऑटोफोकस बंद करा. त्याला पक्ष्याचं काय पडलंय? तो ग्रिल पकडतो, नाहीतर पुढचं हलणारं पान. हाताने फांदीवर फोकस करून टाका. लेन्स ग्रिलला अगदी भिडवली की गज चित्रातून विरघळून जातात. ट्रायपॉड ओट्यापाशी ठेवू नका, वॉशिंग मशीन फिरायला लागलं की चित्राला कापरं भरतं. मी जुन्या अभ्र्यात दोन किलो मूग भरून त्यावर कॅमेरा ठेवते. झूमही सगळा ताणायची गरज नाही. फोर-के चित्र 3840 गुणिले 2160 ठिपक्यांचं, फुल एचडी 1920 गुणिले 1080. म्हणजे नंतर चित्राचा चौथा हिस्सा कापून घेतलात तरी तो पूर्ण एचडी राहतो. जागा मात्र खातं. सेकंदाला 100 मेगाबिटने मिनिटाला 750 एमबी, 64 जीबीचं कार्ड 85 मिनिटांत संपतं.

आणखी एक. जिन्यातल्या ट्यूबलाइटखाली चिमण्या घेतल्या तर चित्रभर काळे पट्टे सरकत होते. कॅमेरा बिघडला म्हणून दुकानात पळाले. बिघडला नव्हता. आपली वीज 50 हर्ट्झची, कॅमेऱ्याचं सेटिंग 60 चं होतं. सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर पन्नासांश केलं, पट्टे गेले.

पावसाळ्यात मुंबईची हवा लेन्सला बुरशी आणते, तेव्हा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. तांदळाच्या डब्यात नको, पीठ आत जातं.

आता फांदी धरून बसल्याचं फळ सांगते. तांबटाची टुक टुक आपण आयुष्यभर ऐकतो. मला वाटायचं, तो चोच उघडून ओरडतो. नाही! चोच घट्ट मिटलेली. गळ्याच्या दोन्ही बाजूंची उघडी कातडी दर ठोक्याला फुगते, बसते, रबरी फुग्यासारखी, आणि मान डोलते. मी तेच आठ मिनिटांचं चित्रण तीनदा पाहिलं.

शिंजिराच्या मादीने तर मला घरातली जाळी झाडायला बंदी केली. ती खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात यायची, कोळिष्टकात चोच खुपसून गोल फिरवायची आणि तो पांढरा पुंजका घेऊन कपड्यांच्या तारेवर जायची. सेकंदाला शंभर फ्रेमने घेऊन सावकाश चालवून बघितलं तेव्हा दिसलं की धागा वीतभर ताणला जातो, मग तुटतो, आणि उरलेला ती तारेवर चोच घासून पुसते. बांधकाम सगळं तिचं. नर मध्येच येऊन काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडून जायचा. सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, “जाळी पक्ष्यांसाठी ठेवलीय.” कुणाचाच विश्वास बसला नाही.

हे एका जागी बसणं काही माझा शोध नव्हे. सालिम अली नोकरी नव्हती त्या काळात, 1930 च्या सुमारास, अलिबागजवळ किहीमला सुगरणींची वसाहत बघत राहिले. नर अर्धवट घरटं बांधतो, मादीला पसंत पडलं तर पुरं करतो आणि लगेच दुसरं बांधायला घेतो, हे त्यातून उलगडलं. त्यांच्याकडे व्हिडिओ कॅमेरा नव्हता. आपल्याकडे आहे आणि आपण धावतो.

एक चूक मात्र माझी. जास्वंदीच्या दोन पानांत शिंप्याचं घरटं होतं. पानांना भोकं पाडून कापसाच्या धाग्यांनी शिवलेलं. पुढचं पान आड येत होतं, म्हणून मी ते दोऱ्याने बाजूला बांधलं. छान दिसलं. मलाही दिसलं, समोरच्या भिंतीवरच्या कावळ्यालाही. दुसऱ्या दिवशी पानं फाटलेली, आत काही नाही. कावळ्याने नेली की भारद्वाजाने, माहीत नाही. पण तो दोरा चित्रणात दिसतो, आणि ते मी कापून टाकलेलं नाही. आता घरट्याच्या पानाला हात लावत नाही. आड येत असेल तर आड.

बरं, मागचे दिवे घालवता का कुणी? बारा मिनिटांची फिल्म आहे, गळक्या पाइपाची. पहिली चार मिनिटं पाइपच दिसेल, उठू नका. मग दयाळ आंघोळीला येतो. मधे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतील, त्या आमच्या नाहीत, वरच्या मजल्यावरच्या आहेत.