माळ खिळ्यालाही वाढते

श्रोतेहो, नमस्कार.

सांगलीचा माणूस परगावी गेला की पहिली चौकशी हळदीच्या भावाची होते. आणि त्याच सांगलीत घरात कावीळ शिरली की पहिली हकालपट्टी होते ती हळदीची. वरण पांढरं, भाजी पांढरी, पोरानं केळ्याकडं नुसतं बघितलं तरी आजीचा हात आडवा. पिवळ्यानं पिवळं वाढतं, असा हिशोब. आता डोळे पिवळे होतात ते बिलिरुबिननं. रक्तातल्या तांबड्या पेशी जुन्या होऊन मोडतात, त्यांचा उरलेला रंग यकृत पित्तातून बाहेर काढत असतं. यकृताला सूज आली की हे काम तुंबतं आणि रंग रक्तात साठतो. आमटीतल्या चमचाभर हळदीचा त्यात काही हात नाही. हे मी आमच्या आईला किती वर्षं सांगितलं! तिनं दर वेळी मान डोलावली आणि दर वेळी पांढरं वरणच वाढलं.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. मिरजेत ३४ वर्षं लॅबमध्ये रक्त तपासलं, एवढंच. रक्ताची नळी यंत्रात गरगरा फिरवली की तांबडा भाग तळाला बसतो आणि वर राहतं ते सीरम. एरवी ते वाळल्या गवताच्या फिकट रंगाचं. काविळीच्या माणसाचं मात्र करडईच्या तेलासारखं. कागदावर आकडा पडायच्या आधी नळीच सांगायची. बिलिरुबिन साधारण एकच्या आसपास असतं, दोन-अडीचच्या पुढं गेलं की डोळ्यांत उतरतं. मी १८-२० सुद्धा बघितलंय.

तर गेल्या पावसाळ्यात आमच्या गावात, कृष्णाकाठचं गाव, नाव कशाला घेऊ, तीन आठवड्यांत १७ जणांचे डोळे पिवळे झाले आणि औषधांचं पेव फुटलं. हा शब्द आपण सहज वापरतो, पण पेव बघितलंय किती जणांनी? इथं हरिपूरला, वारणा कृष्णेला मिळते तिकडं, जमिनीच्या पोटात खोदलेली पेवं होती. त्यांत हळद भरायची आणि तोंड लिंपून टाकायचं. आत हळदीला कीड लागत नसे. उघडल्यावर मात्र लगेच आत उतरायचं नाही, कोंडलेल्या हवेनं माणूस दगावतो. २००५ च्या पुरात त्यांतली बरीच पेवं गेली. असो, कुठल्या कुठं गेलो मी.

तर औषधं. कुणी भुईआवळीचा रस ताकातून देत होतं, कुणी एरंडाच्या पानांचा. कुणी मुळा सांगितला. कुणी उसाचा रस, तोही रस्त्यावरच्या गुऱ्हाळातला, बर्फ घालून. म्हणजे ज्या पाण्यानं कावीळ आली त्याच पाण्याचा बर्फ औषध म्हणून! एक जण नाकात देवडांगरी या कडू रानफळाचे थेंब टाकून 'पिवळं पाणी काढणारा', शेजारच्या तालुक्यात मनगटावर डाग देणारी एक बाई, आणि गावातले आमचे तात्या. तात्या कावीळ उतरवायची माळ घालतात. तीन पिढ्यांचं काम आहे. पैसे घेत नाहीत, एक नारळ ठेवायचा.

देवळाच्या सभामंडपात या सगळ्यावरनं वाद पेटला. तीन संध्याकाळी चालला. एका बाजूला घरोघरी फिरून आजाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या आमच्या आशाताई आणि कॉलेजातली दोन-चार पोरं, दुसऱ्या बाजूला निम्मं गाव. मी मध्ये बसलेला, कारण दोन्हीकडचे मला आपलाच समजत होते. त्यात एक शेतकरी उठला आणि म्हणाला, "डॉक्टरकडं गेलो. सातशे रुपये घेतलं आनि म्हनला, विश्रांती घ्या. अवो, विश्रांती मला घरात बी मिळती की! औषध कुठाय?" सगळा मंडप हसला. पोरांना उत्तर सुचेना.

आणि खरं सांगू का? तो माणूस निम्मा बरोबर होता. दूषित पाण्यातून येणारी कावीळ दोन विषाणूंची, हिपॅटायटिस ए आणि हिपॅटायटिस ई. दोन्हींवर सर्रास द्यावी अशी विषाणू मारणारी गोळी नाही. डॉक्टर सांगतात ते एवढंच, की विश्रांती घ्या, पाणी भरपूर प्या, जेवण जाईल तसं खा, दारूला शिवू नका, आणि मनानं कुठल्याही गोळ्या घेऊ नका, कारण त्यांतल्या पुष्कळशा यकृताला भारी पडतात. उरलेलं काम शरीर करतं. बहुतेकांची कावीळ काही आठवड्यांत आपसूक उतरते.

आता बघा, आपसूक उतरणाऱ्या दुखण्यात जो कोण शेजारी उभा असेल त्याला यश मिळतं. भुईआवळी उभी असेल तर भुईआवळीला. तात्या असतील तर तात्यांना. डॉक्टरानं काहीच दिलेलं नसतं, म्हणून त्याच्या वाट्याला मात्र सातशे रुपयांचा राग. 'गुण आला' हा आपला शब्द फार गोड आहे, पण गुण कशाचा आला हे तो कधी सांगत नाही. शिवाय तात्या काहीतरी करतात. समोर बसवतात, डोळ्याची पापणी खाली ओढून बघतात, जेवलास का म्हणून विचारतात. आजारी माणसाला नुसतं 'थांब' सांगितलेलं सोसत नाही. हे आमच्या पेशातल्या लोकांना कळायला हवं होतं. आम्ही खिडकीतनं हात बाहेर काढून रिपोर्ट द्यायचो आणि पुढचा नंबर पुकारायचो.

मला स्वतःला नवव्या वर्षी तात्यांच्या वडिलांनी माळ घातली होती. कसल्याशा ओल्या काड्यांचे बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे, एका दोऱ्यात गाठी मारून ओवलेले. पहिल्या दिवशी ती डोक्यावर टोपीसारखी बसली. चौथ्या दिवशी कपाळावरनं गळ्यात आली, मग छातीवर. कावीळ माळेत उतरते आणि माळ वाढते, असं म्हणायचे. मी रोज सकाळी उठलो की आधी माळ चाचपायचो. बरा झालो. विश्वास बसला, का बसणार नाही?

पुढं लॅबमध्ये लागल्यावर एक पेशंट तसलीच ताजी माळ टेबलावर विसरून गेला. मी ती कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली आणि खाली भिंतीवर पेन्सिलनं खूण केली. आठवड्यात माळ खुणेच्या वीतभर खाली आली. खिळ्याला काही कावीळ झालेली नव्हती. गोष्ट साधी आहे. गाठी सरकत्या असतात, काडी सुकून आकसली की गाठ सैल पडते आणि अडकलेला दोरा मोकळा होतो. चुन्याच्या पाण्यात हात धुवून पिवळं पाणी काढतात त्यातही तसंच. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस लावलेला असतो, तो चुन्याला भेटला की पिवळा होतो, हात कुणाचाही असो. नाकातल्या थेंबांनी आतली त्वचा भाजते, म्हणून पाणी वाहतं. सातारचे डॉ. नरेंद्र दाभोलकर, ज्यांचं डॉक्टरकीचं शिक्षण इथंच मिरजेत झालं, त्यांनी उभी केलेली अंधश्रद्धा निर्मूलन समिती असले प्रयोग गावोगाव करून दाखवत आली आहे. मी सभामंडपात खिळ्याची गोष्ट सांगितली तेव्हा लोक हसले. तात्या हसले नाहीत. ते फसवत नव्हते, श्रोतेहो. त्यांना खरंच वाटत होतं.

भुईआवळीचं प्रकरण वेगळं आहे. तिला मी हसत नाही. पावसाळ्यात बांधावर उगवणारं, पानाखाली आवळ्याच्या पिटुकल्या मण्यांची रांग असलेलं ते रोप. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी ते हिपॅटायटिस बी च्या वाहकांना, म्हणजे रक्तावाटे पसरणारा हा विषाणू अंगात बाळगणाऱ्यांना, देऊन बघितलं. त्यांच्याबरोबर बरूच ब्लमबर्ग होते, बी विषाणूचा शोध ज्यांच्या नावावर आहे आणि ज्यांना १९७६ चं नोबेल मिळालं, ते. ३७ जणांना औषध दिलं, त्यांतल्या २२ जणांच्या रक्तातनं विषाणूची खूण गेली. औषध नसलेली नुसतीच पूड दिलेल्या २३ जणांत असा एकच निघाला. 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. केवढा आनंद झाला असेल! मग इतरांनी तोच प्रयोग पुन्हा पुन्हा केला आणि तसा गुण काही दिसेना. २०११ मध्ये सगळ्या चाचण्या एकत्र ठेवून तपासल्या, तेव्हाही खात्रीचा पुरावा निघाला नाही. म्हणजे आपल्या बांधावरच्या रोपाला कुणी हिणवलं नाही. नोबेलवाल्यानं त्याला परीक्षेला बसवलं, आणि पहिल्या परीक्षेचा निकाल दुसऱ्या परीक्षेत टिकला नाही. आणि हेही बघा, ती परीक्षा बी च्या काविळीची होती, आपल्या पाण्याच्या काविळीची नव्हे.

"आम्ही स्वतः घेऊन बघितलंय," असं एक काका ठासून म्हणाले. स्वतः घेऊन बघणं म्हणजे काय ते मिखाईल बलायान या रशियन शास्त्रज्ञाला विचारावं. अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत सैनिकांना कावीळ झाली होती. त्या रुग्णांच्या विष्ठेचा गाळीव अर्क हा माणूस स्वतः प्यायला, आजारी पडला आणि मग आपल्याच विष्ठेत सूक्ष्मदर्शकाखाली त्यानं विषाणू दाखवला. १९८३ ची गोष्ट. तोच हा ई. (हे संध्याकाळी जेवताना ऐकत असाल तर माफ करा.)

या ई पायीच मी आज बोलायला आलोय. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती ई ची होती, हे जपून ठेवलेल्या रक्तावरनं कितीतरी वर्षांनी कळलं. बहुतेकांना तो सोडून देतो. पण गरोदर बाईला, त्यातून शेवटच्या तीन महिन्यांत, तो धरला की सोडत नाही. त्या काळात लागण झाली तर शंभरात २०-२५ जणी दगावू शकतात.

माझ्याकडं अशी एक आली होती. आठव्या महिन्यात, पहिलटकरीण, माहेरी आलेली. नऊ दिवस नाकात थेंब चालले होते. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते तेव्हा हातानं मोजावं लागायचं. कोमट पाण्यात नळी धरायची, औषध टाकायचं, स्टॉपवॉच दाबायचं आणि नळी तिरकी करकरून जाळं धरतंय का बघायचं. निरोगी माणसाचं १२-१३ सेकंदांत धरतं. मी नळी तिरकी करत राहिलो. २०. ३०. ४० च्या पुढं गेलं तरी पाणीच. बाहेर तिची आई बाकावर बसली होती, मांडीवर डबा, डब्यात पांढरं वरण.

ती आधी आली असती तर वाचलीच असती, असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण यकृत हरायला लागलंय हे नळीत पाच-सहा दिवस आधी दिसलं असतं. डोळ्यांकडं बघून ते कळत नाही. उतरणारी कावीळ आणि न उतरणारी कावीळ, पिवळा रंग एकच. पुरानंतर उंदराच्या मुतानं होणाऱ्या लेप्टोचाही रंग तोच, आणि तिला तर वेळेत दिलं तर चालणारं प्रतिजैविक आहे. पित्ताच्या खड्याचाही तोच. म्हणून माणूस भलत्या वेळी झोपायला लागला, बरळायला लागला, उलटी थांबेना, हिरड्यांतनं रक्त आलं, तर माळ, रस, थेंब सगळं बाजूला ठेवून गाडी काढायची. गरोदर बाई असेल तर डोळे पिवळे दिसले त्याच दिवशी.

तिसऱ्या संध्याकाळी हे सगळं बोलून झाल्यावर तात्या उठले. म्हणाले, "हितनं फुडं रक्ताची चिठ्ठी आनल्याबिगर मी माळ बांधनार न्हाई. आनि पोटुशीला तर न्हाईच." टाळ्या पडल्या. मला हे पूर्ण पटलं का? नाही. चिठ्ठी बघितली तरी खिळा तो खिळाच. पण गावातल्या १७ पैकी ११ जणांनी त्यानंतरच्या दोन दिवसांत रक्त तपासायला दिलं, आणि ते माझ्या भाषणानं नव्हे, तात्यांच्या अटीनं.

लोक उठायला लागले, चपला शोधायला लागले, तेव्हा आशाताई म्हणाल्या, "अहो, पण पाण्याचं काय?"

तीन दिवस आम्ही पानं, काड्या, थेंब यांच्यावर भांडलो आणि पाण्याचं नाव कुणी काढलं नाही! पाणी पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन ते दहा आठवडे लागतात. तोवर काय प्यायलो ते कुणाच्या लक्षात राहत नाही. आशाताईंच्या वहीत मात्र घरं होती. १७ पैकी १४ जणांची घरं एकाच गल्लीतली, शाळेमागची.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ली उकरली. गटारीच्या खालून गेलेली पाईप जोडाला फुटली होती आणि कुणीतरी कधीकाळी तिला सायकलची ट्यूब गुंडाळून ठेवली होती. ट्यूब कुजलेली. नळाला पाणी असेल तोवर आतनं बाहेर गळायचं, पाणी गेलं की गटार बाहेरनं आत. तात्या कडेला बॅटरी धरून उभे होते. नवा जोड बसवायला दोन तास लागले. टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर, टाकून टाकी धुतली, आणि तरीही पुढचे दोन महिने सगळ्यांनी पाणी खदखदून उकळून प्यायचं असं ठरलं. गुऱ्हाळवाल्यानं बर्फ बंद केला, तेवढ्यापुरता तरी.

संध्याकाळी जलसुरक्षक ओटी टेस्टची पेटी घेऊन शेवटच्या घरच्या नळाशी आला. नळीत पाणी धरलं, औषधाचे थेंब टाकले, बोटानं तोंड दाबून हलवली. आम्ही सगळे वाकून बघत होतो. पाण्यात क्लोरीन पोचलं असेल तरच त्या नळीला रंग येतो. दोन क्षण काही नाही. मग हळूहळू ती पिवळी झाली.

"आली," तात्या म्हणाले.

नमस्कार.