नऊ ते अकराचा वसंत

(दृश्य : परसदार. उंबराच्या शेंड्यावर ऊन, खालची फरशी अजून सावलीत.)

वाई. फाल्गुनाचा पहिला आठवडा, सकाळचे सात. या घरात अजून हिवाळा आहे. सोप्यात आजी कानटोपी घालून, चहाची कपबशी दोन्ही हातांत धरून बसल्यात. कोनाड्यातल्या बाटलीत खोबरेल पांढरंशुभ्र गोठलंय. नात शाळेच्या घाईत उदबत्तीच्या काडीने ते कोरून काढायला बघते. काडी मोडते. मग बाटली गरम पाण्याच्या तांब्यात जाते आणि वेणी एकदाची पडते.

खोबरेल साधारण 24-25 अंशांवर वितळतं. कोनाड्यात बाटली असली की घरात वेगळा तापमापक लागत नाही. आज ही बाटली तशीच ठेवली असती, तरी अकराच्या सुमाराला तेल आपोआप पातळ झालं असतं.

थंडी जाण्याबद्दल आपल्याकडे दोन म्हणणी आहेत. शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते, हे एक. होळी जळाली, थंडी पळाली, हे दुसरं. दोन्हींमध्ये पंधरवड्याचं अंतर. आपण आत्ता नेमके त्या पंधरवड्यात आहोत. गेलीही नाही, राहिलीही नाही.

मग वसंत कुठे आहे? हवामान खात्याच्या वर्षात त्याला जागाच नाही. जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे मोसमी पावसाआधीचा काळ, संपलं. पंचांगात वसंत आहे, पण तो चैत्रात सुरू होतो, आणि तोवर दुपारी गच्चीवर पाय ठेववत नाही. वसंतपंचमी म्हणाल तर ती माघातच, शाल पांघरून होऊन गेली.

या घरात वसंत नऊला येतो आणि अकराला जातो.

(दृश्य : अंगणातल्या दोरीवर वाकळा. जुन्या लुगड्यांचे तुकडे, पांढऱ्या दोऱ्याचे टाके.)

त्याचं कारण साधं आहे. या दिवसांत आभाळ मोकळं असतं आणि हवा कोरडी. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब सरळ वर सोडून देते, अडवायला ढग नसतात. त्यामुळे पहाटे 14-15 अंश आणि दुपारी 32-33, असं एकाच दिवसात होतं. या दोन टोकांच्या मधे सकाळचे दोन तास असे सापडतात, की अंगावर काही घ्यावंसंही वाटत नाही आणि पंखाही लावावासा वाटत नाही.

घरातली निम्मी कामं याच दोन तासांत उरकतात. वाकळा उन्हात पडतात, पण धुवायच्या नाहीत एवढ्यात. “होळीपर्यंत दम धरा, पहाटं लागतीय अजून,” असा आजींचा हुकूम आहे. होळी झाली की त्या सगळ्या घाटावर जातील, कृष्णेच्या पाण्यात आपटल्या जातील, आणि वाळून पुढच्या कार्तिकापर्यंत माळ्यावर चढतील.

दक्षिणेकडच्या खिडकीतलं ऊनही आता मागे सरायला लागलंय. डिसेंबरात सूर्य खाली कललेला असतो, तेव्हा भर दुपारी ते थेट झोपाळ्यापर्यंत यायचं आणि घरातलं मांजर तिथेच पसरायचं. मांजर आता खिडकीखाली आलंय. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येईल, तेव्हा या खिडकीतून त्या वेळी ऊन आत येणारच नाही. जुन्या वाड्यांच्या बांधणीतलं शहाणपण आपण उगाच वाढवून सांगतो, पण ही खिडकी मात्र ज्याने काढली त्याने विचार करून काढली असावी.

(ध्वनी : टुक... टुक... टुक...)

हा तांबट. चिमणीहून थोडा मोठा, कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका. कडाक्याच्या थंडीत तो जवळपास गप्प होता. आता उन्हातल्या शेंड्यावर बसून एका लयीत ठोके देत राहतो. वीण जवळ आली की तो वाळक्या, मऊ फांदीत ढोली कोरतो, आणि बहुतेक वेळा तिचं तोंड फांदीच्या खालच्या अंगाला ठेवतो.

शेजारी रायवळ आंबा मोहोरलाय. त्याच्याभोवती घोंघावतात त्या बहुतेक माश्याच, आणि फुलांचं परागण मुख्यतः त्यांच्याच जिवावर चालतं. एका तुऱ्यावर शेकड्यांनी फुलं असतात, काही तुऱ्यांवर हजारांनी. त्यातली बरीचशी नर, म्हणजे फळ न धरणारी. उरलेल्यांतलीही बहुतेक गळतात. रोज सकाळी झाडाखाली केरसुणीने लोटलेला तो पिवळसर, चिकट ढीग बघून जीव हळहळतो, पण झाडाचा हिशोबच तसा आहे.

दुपारी एक ते चार घर झोपतं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. पंखा एकवर. तीन महिन्यांनी फिरलेल्या पात्यांवरची धूळ सगळ्यांच्या अंगावर.

चारला वारा फिरतो आणि मळ्याकडून हळद शिजल्याचा वास येतो. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला लावलेली हळद आता निघते आहे. वाईच्या शिवारात हे हळदीचेच दिवस. काहिलीत हळकुंडं शिजतात, काडी सहज आरपार गेली की बाहेर काढायची, मग दहा-पंधरा दिवस उन्हात पसरायची. ओल्या हळदीचा जेमतेम पाचवा हिस्सा वाळून हातात उरतो. वासाचं म्हणाल तर तो ओल्या मातीचा, धुराचा आणि थोडा औषधासारखा. लग्नातल्या हळदीचा नव्हे.

(दृश्य : मोरीजवळ पितळी पातेलं. आजींची बोटं.)

या पातेल्यात तीन दिवसांपासून गहू भिजताहेत, कुरडयांसाठी. पाणी रोज बदललं तरी आंबूस वास घरभर आहे. आजी एक दाणा चिमटीत धरून दाबतात. साल फुटते, पांढरा चीक बोटावर येतो. झाला. कडक थंडीत एवढं व्हायला आणखी एक दिवस लागला असता. संध्याकाळी गहू वाटून गाळायचे, रात्रभर चीक निवळू द्यायचा, पहाटे वरचं पाणी ओतून शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून गच्चीवर घालायचा. उन्हं चढायच्या आत सगळं उरकलं, तरच दिवसभराचं ऊन कुरडयांना मिळतं.

मुलगा मोबाइलमध्ये बघून सांगतो, “आई, उद्या थोडं ढगाळ दाखवतंय.”

आभाळ आलं की कुरडई चिवट राहते. मोहोरालाही ते नको, मळ्यातल्या हळदीलाही नको. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट राज्यात अजून कोणी विसरलेलं नाही.

आजी बाहेर येऊन पांडवगडाच्या बाजूला बघतात. मोबाइलकडे बघत नाहीत.

“काही येत नाही आभाळ. गहू वाटायला घ्या. आणि पाचाला उठा सगळी, चीक घोटायला दोघं तरी लागतात.”