माझे हाल का विचारता?

नमस्कार श्रोतेहो.

शारजातल्या एका भारतीय शाळेत मी बारा वर्षं अरबी शिकवली. एका एप्रिलमध्ये, शाळेचं नवं वर्ष सुरू होताना, चौथीच्या वर्गात साताऱ्याहून नुकतीच आलेली एक मुलगी बसली होती. तिच्याजवळ जाऊन मी विचारलं, "कैफ हालुकि?" म्हणजे, कशी आहेस? तिचा चेहरा पडला. हळूच मराठीत म्हणाली, "मिस, माझे हाल का विचारता? माझे काही हाल झालेले नाहीत. मी मजेत आहे."

तिचं चुकलं नव्हतं. अरबीत हाल म्हणजे नुसती स्थिती, बरीही आणि वाईटही. मराठीत येता येता त्या शब्दाच्या वाट्याला दुःख तेवढं आलं. मी फळ्यावर 'हाल' लिहिलं आणि त्याचं अरबी अनेकवचन लिहिलं, 'अहवाल'. तिला म्हटलं, हा शब्द ऐकलायस का? ती म्हणाली, बाबा रोज रात्री ऑफिसचा अहवाल लिहितात. त्या क्षणी ती भाषा तिच्यासाठी परकी राहिली नाही.

आज मला हेच सांगायचंय. मराठी मुलाला अरबी शिकवायची, तर त्याच्या तोंडात आधीपासून असलेल्या मराठीपासून सुरुवात करावी.

संयुक्त अरब अमिरातीत खाजगी शाळांमध्ये पहिली ते नववी अरबी सक्तीची आहे, अरब नसलेल्या मुलांनाही. म्हणजे मराठी, मल्याळी, फिलिपिनो, पाकिस्तानी, सगळ्यांनाच. पण शाळेच्या फाटकाबाहेर पाऊल टाकलं की अरबीची गरज संपते. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला तिथे बकाला म्हणतात. बकालावाला बहुतेक वेळा केरळचा असतो आणि मुलांशी हिंदीत बोलतो. टॅक्सीवाला उर्दूत बोलतो. दुबईच्या मेट्रोत दारं बंद होताना घोषणा होते, त्यात 'अब्वाब' हा शब्द येतो, तो काय तो कानावर पडतो. अब्वाब हे 'बाब'चं अनेकवचन. बाब म्हणजे दार, आणि पुस्तकाचं प्रकरणसुद्धा. आपली 'खर्चाची बाब' तिथूनच आली.

जी भाषा रस्त्यावर लागत नाही, ती वर्गात रुजवायची हे अवघड काम आहे. मी पाहिलेल्या एका शाळेत त्यावर सोपा उपाय काढला होता. पुस्तकातली वाक्यं वहीत उतरवून घ्यायची आणि तपासणी असेल तेव्हा एक ठरलेला संवाद पाठ करून घ्यायचा. त्या मुलांचं अक्षर इतकं देखणं होतं की वह्या हातातून ठेववत नसत. पाच वर्षं शिकलेल्या मुलाला मी अरबीत विचारलं, तुझी पाण्याची बाटली कुठंय? तो माझ्याकडे बघत राहिला. मला फार वाईट वाटलं. मुलाची पाच वर्षं गेली होती.

आता जरा माझ्याबरोबर उच्चार करून बघा. चष्म्याची काच पुसायच्या आधी आपण तोंडाने तिच्यावर वाफ सोडतो, हाः. तसा घशातून घासत येणारा एक 'ह' अरबीत आहे. हाल, हक्क, हुकूम, हिशोब, हद्द या सगळ्या शब्दांत मुळात तोच आहे. साधा 'ह' वेगळा. 'क'सुद्धा दोन. एक आपला नेहमीचा, किताबमधला. दुसरा पडजिभेपाशी उमटणारा, किल्ला आणि कायदा यांतला. हा खोल 'क' घेऊन 'कल्ब' म्हटलं तर काळीज, आणि साधा घेतला तर कुत्रा. मुलं घाबरतात, एवढा बारीक फरक जमणार कसा! मी त्यांना वेल आणि वेळ म्हणायला लावत असे. ल आणि ळ एका जागी नाहीत हे मराठी मुलाला जन्मापासून माहीत असतं. ज्या जिभेला ते जमतं, तिला हेही जमतं.

आणि एक अक्षर असं आहे की त्याच्यावरून अरब लोक आपल्या भाषेला 'दादची भाषा' म्हणतात. दाद हे त्या अक्षराचं नाव. जाड, भारदस्त 'द'. हे अक्षर असलेले शब्द फारसीतून आपल्याकडे आले तेव्हा त्याचा 'ज' झाला. म्हणून आपण हजर म्हणतो, अरबीत ते 'हादिर'. वर्गात हजेरी घेताना मुलं "हादिर!" म्हणून ओरडत. हजर, हजेरी, हादिर हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगत असे. मग त्यांनाच शोधायला लावायची. अर्ज म्हणजे 'अर्द'. कर्ज म्हणजे 'कर्द'. काजी म्हणजे 'कादी'. मर्जी, जप्ती, सगळ्यांत तोच दाद लपलाय. आणि जिल्हा! त्याचं मूळ 'दिल्अ', म्हणजे बरगडी. सातारा जिल्हा म्हणजे महाराष्ट्राची एक बरगडी, असं मी म्हटलं तेव्हा त्या मुलीने आपल्या फासळीवर बोट ठेवून पाहिलं होतं.

काही शब्द मात्र फसवतात, तेही सांगावं लागतं. 'तकरार' म्हणजे अरबीत पुन्हापुन्हा म्हणणं. शिक्षक "कर्रिर!" म्हणाले की पुन्हा म्हणायचं. आपली तक्रारही पुन्हापुन्हाच करावी लागते, त्यामुळे हे मुलांच्या लगेच लक्षात राही. 'तालीम' म्हणजे शिक्षण. आपल्याकडे तिच्यात लाल माती आली आणि नाटकाची तालीमही आली.

मराठी घरात पंचवीस म्हणणाऱ्या मुलाला अरबी आकडे सोपे जातात, कारण अरबीतही आधी पाच, मग वीस. इंग्रजीतच मोजणारी मुलं तिथे अडखळतात. आपल्या मुलांना घरी मराठीत मोजू द्या, असं मी पालकसभेत दरवर्षी सांगत असे.

लिपीचं भय मात्र खरं आहे. उजवीकडून डावीकडे लिहायचं, अठ्ठावीस अक्षरं, आणि त्यातल्या बहुतेकांचं रूप शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये, शेवटी बदलतं. हात बसायला मी एकच युक्ती वापरली. आपण अक्षरं लिहून झाल्यावर वर रेघ ओढतो ना, तसं अरबीत आधी शब्दाचा सांगाडा एका ओघात लिहायचा, मग टिंबं द्यायची. खाली एक टिंब दिलं की ब, वर दोन दिली की त. टिंबं मधेमधे देत बसलं की ओघ तुटतो.

खरी अडचण पुढे येते. लहान मुलांच्या पुस्तकात अक्षरांवर-खाली स्वरांच्या खुणा असतात. मोठ्यांच्या पुस्तकात त्या गळतात. क, त, ब अशी तीनच अक्षरं समोर असतात. 'कतब' म्हणजे त्याने लिहिलं, 'कुतिब' म्हणजे लिहिलं गेलं, 'कुतुब' म्हणजे पुस्तकं. यातलं कोणतं, ते वाक्याने ठरवायचं. या खुणा एकदम काढल्या तर मुलं बुडतात. आधी ओळखीच्या शब्दांवरच्या काढाव्यात, अनोळखी शब्दांवरच्या ठेवाव्यात. याला दोन वर्षं लागली तरी लागू द्यावीत.

अजून एक गोष्ट मुलांपासून लपवू नये. पुस्तकातली अरबी कोणाच्याच घरात तशी बोलत नाहीत. माझं "कैफ हालुकि" आखातात "श्लोनिच" होतं, इजिप्तमध्ये "इझ्झय्यिक". मुलाला वाटतं, आपण शिकलो ते खोटं. त्याला सांगावं, बाळा, तुझी आजी मालवणीत बोलते आणि तुझं पुस्तक प्रमाण मराठीत असतं, दोन्ही खरंच आहे ना?

ती साताऱ्याची मुलगी सहावीत असताना मी वर्गाला काम दिलं होतं, घरी विचारून अरबीतून आलेले शब्द गोळा करा. तिने गावी आजोबांना फोन लावला. आजोबांनी पेटीतून जमिनीची कागदपत्रं काढली आणि चष्मा लावून वाचायला सुरुवात केली. हक्क, वारस, मालक, कब्जा, हद्द, तारीख, वसूल, बाकी. ते वाचत होते आणि ती लिहीत होती, उजवीकडून डावीकडे. दुसऱ्या दिवशी तिने दीड पान भरलेली वही माझ्यापुढे ठेवली. टिंबं सगळी शेवटी दिली होती.

नमस्कार.