सोयरीक न जमणारी निलगिरी

नमस्कार मंडळी, कसे आहात? सर्दी झाली की रुमालावर दोन थेंब टाकायचे आणि हुंगत बसायचं, एवढंच आपलं निलगिरीशी नातं. फार तर रस्त्याकडेचे ते उंच पांढरट बुंधे, आणि "निलगिरी सगळं पाणी पिऊन टाकते" ही गावोगावची तक्रार. थोडक्यात काय, उदंड असलेलं झाड. पण आज मी ज्या निलगिरीबद्दल बोलणार आहे ती रानात, अख्ख्या जगात मिळून, पाच-सहा झाडं आहेत. हजार वगैरे नाही हो, नुसती पाच-सहा.

निलगिरी हे नाव आपल्याकडचं, त्या निलगिरी डोंगरांवरून पडलेलं. झाडं मूळची ऑस्ट्रेलियाची, ७०० च्या वर जाती आहेत, आणि तिकडची माणसं त्यांना सरसकट 'गम' म्हणतात. आपल्या आजच्या पाहुणीचं शास्त्रीय नाव युकॅलिप्टस रिकर्व्हा, साधं नाव मोंगारलो मॅली, आणि लाडाचं नाव 'आइस एज गम', म्हणजे हिमयुगातली निलगिरी!

मोंगारलो हे न्यू साउथ वेल्समधलं एक चिमुकलं गाव, एकेकाळी तिथे सोनं शोधायला झुंबड उडाली होती. जवळचं मोठं गाव ब्रेडवुड, कॅनबेराच्या पूर्वेला. थंडगार पठार आहे ते, थंडीत जमिनीवर दहिवर गोठतं, माती कमी आणि दगड जास्त, आणि त्यात ही गुडघा-कमरेएवढी झुडपं माजलेली. अशा जागी १९८५ साली हे झाड पहिल्यांदा नजरेला पडलं, १९८८ मध्ये त्याला रीतसर नाव मिळालं, आणि नंतर बरंच उत्तरेला, विंडेलामाकडे, आणखी थोडी सापडली. बघायला गेलात तर म्हणाल हे कसलं झाड, कारण उंची जेमतेम दोन-तीन मीटर आणि पानं एवढीशी, मागे वळलेली, रिकर्व्हा म्हणजे तेच, मागे वळलेलं. निलगिरीची ती लांब विळ्यासारखी पानं डोक्यातून काढूनच टाका.

मॅली म्हणजे एका बुडातून बरेच खुंट फुटलेलं झाड. आता हे कसं सांगू, आपण उसाचा खोडवा ठेवतो ना, वरचा ऊस तोडून नेला तरी बुडातून परत फुटवे येतात, तसंच. जमिनीत लाकडाचा गड्डा असतो, वर आग लागो, गारठ्याने जळो, तो गड्डा डोळे फोडतो आणि झाड पुन्हा उभं. त्यामुळे फांद्या असतील परवाच्या, पण गड्डा मात्र जुनाट. किती जुनाट? अंदाज हजारो वर्षांचा आहे, एका झाडाबद्दल तर १३,००० वर्षांपर्यंतचा आकडा सांगितला जातो. अंदाजच आहे हा, पण निम्मा धरला तरी ते रोप रुजलं तेव्हा इजिप्तचे पिरॅमिड बांधायचे होते अजून.

आणि खरी गोम इथे आहे. एवढं चिवट झाड, पण त्याला पोरंबाळं नाहीत! स्वतःचाच पराग त्याला चालत नाही, आपल्याकडे सगोत्र म्हणतात ना तसंच काहीतरी समजा, रुजेल असं बी जवळजवळ धरतच नाही. मग दुसऱ्या झाडाचा पराग हवा, आणि दुसरं झाड किलोमीटर किलोमीटर लांब. तिकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या सुमाराला, पांढरी फुलं येतात, माश्या येतात, याच झाडावर या फुलावरून त्या फुलावर करतात आणि निघून जातात. कधीकाळी हवा जास्त थंड होती तेव्हा ही जात बरीच पसरलेली असावी असं मानतात, मग ऊब वाढली, उंच गम वाढले, आणि ही एकेकटी मागे राहिली. कलम करता येईल की, असं तुम्ही म्हणाल, पण कलम म्हणजे तेच झाड दुसऱ्या कुंडीत, नवीन जीव कुठे झाला?

तर मग वनस्पतीवाल्यांनीच मध्यस्थी घेतली अंगावर. निलगिरीच्या कळीला एक टोपण असतं बघा, युकॅलिप्टस या शब्दाचा अर्थच मुळी 'छान झाकलेलं'. नाजूक हाताने ते टोपण काढायचं, आतले केसर कापून टाकायचे, फुलाला पिशवी घालायची, आणि लांबच्या झाडावरून आणलेला पराग वेळ साधून लावायचा, फूल केवढं तर नखाएवढं. मला तर सुईत दोरा ओवायचा कंटाळा येतो.

धास्ती आहे ती आगीची. गड्डा आगीतून उठतो हे खरं, पण २०१९ च्या शेवटी ब्रेडवुडच्या आजूबाजूला वणवा पेटला होता, आणि पाच-सहाच झाडं असली की गड्ड्यावरसुद्धा किती भरवसा ठेवणार. त्यात हौशी माणसं. ती फांदी तोडणार, फोटो काढायला मुळांवर उभी राहणार, म्हणून नेमकी जागा गुपित ठेवलेली आहे.

तेव्हा कॅनबेराला राहणारे कुणी मराठी मंडळी ऐकत असतील, आणि समुद्रावर जाताना ब्रेडवुडला चहाला थांबलात, तर आजूबाजूच्या झुडपांकडे नजर टाका जरूर, पण ते झाड कुठे आहे म्हणून कुणाला विचारू नका, सांगणार नाहीत. येतो, नमस्कार.